नावेला आवतण

खोली भाड्याने बघायला गेले, तर घरमालकांनी माझी नोकरी विचारली नाही की गाव विचारलं नाही. फाटक उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, आधी गाल लावून पाहा."

गाल लावायचा होता तो अंगणात पालथ्या घातलेल्या नावेला! अमरावतीच्या भर वस्तीतलं घर, एका बाजूला जास्वंद, दुसऱ्या बाजूला धुण्याचा दगड, आणि मधली सगळी जागा अडवून जुन्या टायरांवर पडलेली ही लांबलचक फायबरची नाव. मी अकोल्याची, शाळेत विज्ञान शिकवणारी. आमच्याकडे नाव म्हणजे पहिलीच्या पुस्तकातलं चित्र. जून लागला होता, पण ऊन काही हटायला तयार नव्हतं. मी बावळटासारखा गाल टेकवला आणि किंचाळलेच. चटका बसला हो, म्हटलं. म्हातारा इतका खूश झाला की विचारू नका. माझ्याआधी खोली बघायला आलेले सगळे म्हणे "वा, काय गुळगुळीत" असं म्हणून गेले होते, आणि खोटं बोलणारा भाडेकरू त्यांना नको होता. खोली मला मिळाली. तिच्याबरोबर ती नावही गळ्यात पडली, हे मला नंतर कळलं.

त्यांना मी काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. काकांच्या घरात पिढ्यान्पिढ्या फुलांचा धंदा. भाऊ अजून पहाटे झेंडू-शेवंतीची पोती बाजारात आणतात. हे एकटेच पाण्याकडे वळले. मोर्शीकडच्या धरणावर साहेब लोकांना फिरवायची लाँच चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर लोक अंगठी घेतात, चारधाम करतात. काकांनी भंगारात निघालेली ही नाव घेतली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून वाजतगाजत घरी आणली. वाजतगाजत म्हणजे खरोखर पुढे डफडेवाला लावून. गल्लीतल्या लोकांना वाटलं एवढ्या लवकर गणपती कसा काय आला.

फायबरच्या नावेला वरून कातडीसारखा एक थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. ही नाव बरीच वर्षं उन्हात पडून होती, त्यामुळे तिची ही कातडी पार करपली होती. हात फिरवला की खडूसारखी पांढरी पूड लागायची आणि जागोजागी बारीक भेगा होत्या. काका ती घासणार, भेगा भरणार, नवा जेलकोट चढवणार आणि धरणात सोडणार होते. एका हिवाळ्याचं काम आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मी राहायला गेले तेव्हा तसे पाच-सहा हिवाळे येऊन गेले होते आणि नाव जिथल्या तिथे होती.

घासण्याचं वेड म्हणजे किती? आधी जाडा पॉलिश पेपर, मग मधला, मग पाणी घालून बारीक. रोज सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी चहाच्या नंतर. मळकं बनियन, गळ्यात लोंबणारा मास्क, चष्म्याच्या काचेवर सुकलेल्या जेलकोटचा एक टिपका, तो त्यांनी कधी काढला नाही. मास्क तर लग्नकार्यातही गळ्यातच असायचा. घासून झालं की डोळे मिटून नावेला गाल लावायचा आणि टोकापासून टोकापर्यंत तसाच सरकत जायचं. "हाताचं काई खरं नाई, मॅडम," ते मला सांगायचे. "हात काम करून करून निबर झाला रायते. त्याले सगळंच बरं वाटते. गाल खोटं बोलत नाई."

ही सवय त्यांना बाहेरही सुटायची नाही. एका लग्नात नवरदेवाची गाडी चकचकीत पॉलिश करून उभी होती. काका गेले आणि बॉनेटवर गाल टेकवून डोळे मिटून उभे राहिले. ड्रायव्हरला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. त्याने धावत जाऊन पाणी आणलं, दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं, एकजण तर कांदा फोडून घेऊन आला. काका कांदा हुंगत शांतपणे म्हणाले की डाव्या बाजूला पॉलिश नीट बसलेलं नाही. काकू तिथून ज्या उठल्या त्या थेट घरी.

मोबाइलवर ते परदेशातल्या एका दाढीवाल्याचे नावा दुरुस्त करण्याचे व्हिडिओ बघायचे, आवाज बंद करून. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे. तो फार बोलतो, असं त्यांचं मत होतं. बघता बघता त्याच्याशी भांडायचेही. जेलकोटमध्ये हार्डनर नावाचं औषध घालावं लागतं, ते घातलं की थोड्या वेळात थर दगडासारखा होतो. दाढीवाला जेलकोटच्या मगात हार्डनर घालून आरामात कॉफी प्यायचा. "तुया बापाचं काय जाते," काका मोबाइलला म्हणायचे, "तुयाकडे थंड हाय. इकडे ये वैशाखात, मगातच गोटा होऊन जाईन." आणि खरंच व्हायचा. म्हणून आमच्याकडे कोट चढवायचा तो पहाटे, सूर्य वर यायच्या आत.

आता काकूंचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. काकूंचं माहेर धरणाच्या पलीकडच्या काठाला, वरुडच्या बाजूला, संत्र्याच्या बागांमध्ये. नाव घरी आली त्या वर्षी काका सासुरवाडीला गेले आणि पंगतीत सगळ्यांसमोर बढाई मारून बसले की पुढच्या खेपेला तुमच्या बहिणीला नावेतून आणतो. काकूंचा भाऊ म्हणजे मोठा बागाईतदार माणूस, झुपकेदार मिशीचा. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. ते डोंगं तरंगलं तर मी मिशी काढीन, म्हणाला. सगळी पंगत हसली. काकाही कसनुसे हसले. हसल्या नाहीत त्या काकू. वाढता वाढता त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आता या उंबऱ्यात येईन तर त्या नावेतूनच येईन, नाही तर येणार नाही.

आणि त्या गेल्या नाहीत! दिवाळी नाही, अक्षय तृतीयेची अखजी नाही, भाऊबीजेला भाऊच यायचा. नवऱ्याची घरात दिवसातून दहा वेळा खरडपट्टी काढणारी ही बाई, पण दुसरं कोणी त्याला हसलं की झालं. मी एकदा विचारलं, काकू, बसने गेलात तर काय बिघडतं? तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. पण संध्याकाळी एकट्या असल्या की पायरीवर बसून त्या नावेकडे बघत असायच्या, एस्टीची वाट बघत बसतात तशा.  एक बाई माहेरी जाते की नाही, हे सगळं त्या पांढऱ्या पाठीवर अडून बसलं होतं.

अडलं होतं कुठे, तर खांद्यांवर. काका नावेच्या अवयवांना बैलाचीच नावं द्यायचे. पुढचं टोक म्हणजे तोंड, बाजू म्हणजे बरगड्या, आणि तोंडामागे दोन्हीकडे जिथे नाव फुगीर होते ते खांदे. दर वर्षी कोट चढायचा, सगळी नाव दुधासारखी पांढरी व्हायची, आणि दोन्ही खांद्यांवर मात्र जेलकोट फाटायचा. देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डेच खड्डे. ओला थर तिथे धरायचाच नाही, मागे सरायचा. तेवढंच दुरुस्त करा म्हटलं तर काका ऐकतील कसे? ठिगळ लावायचं तर गोधडी शिवतो म्हणायचे, नाव कशाला पाहिजे. सगळं घासून काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

असे खड्डे तेलाने पडतात, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. थर देण्याआधी पृष्ठभागावर तेलाचा अंशही राहता कामा नये. म्हणून कोटाच्या आदल्या संध्याकाळी ते सगळी नाव ॲसिटोनने पुसून घ्यायचे आणि काकूंच्या जुन्या धुतलेल्या लुगड्याने झाकून ठेवायचे. तरी खड्डे! मग तेल येतं कुठून? काकांनी शोध लावला की हवेतून येतं, फोडणीच्या धुरातून. झालं! कोटाच्या आधी दोन दिवस घरात फोडणी बंद. बिनफोडणीचं वरण, उकडलेले आलू, कोरडी भाकर. मलाही वरच्या खोलीत गॅसवर तेल तापवायची बंदी. एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. शेजारच्या घरी पुऱ्या तळायला घेतल्याचा वास आला, तर हे मास्क लावून त्यांच्या दारात हजर. शेजारीण बिचारी पाहुण्यांना काय सांगणार, की समोरच्यांच्या नावेला चालत नाही म्हणून आज पोळ्या?

पूजेलाही बंदी होती. हळद-कुंकू, नारळ, ओवाळणं जे काय असेल ते काम पुरं झाल्यावर. तोपर्यंत नावेला त्यांच्याशिवाय कोणी बोट लावायचं नाही. काकू म्हणायच्या, बिनापूजेचं कोणतं काम सिद्धीला गेलंय? काका म्हणायचे, हे विज्ञान हाय. आणि माझ्याकडे बोट दाखवायचे, मॅडमले विचार.

फोडणी बंद करूनही खड्डे पडले तेव्हा काकांचा संशय अकोल्यातल्या दुकानदारावर गेला. जेलकोट अमरावतीतही मिळतो, पण यांना अकोल्याच्या एका दुकानातलाच लागायचा, आणि दर वर्षी खड्डे पडले की रिकामा डबा घेऊन ते त्याच्याकडे भांडायला जायचे. तुझा माल भेसळीचा, तू डब्यात खाण्याचं तेल टाकतो, इथपर्यंत. दुकानदार शांत माणूस. तो चहा मागवायचा. माझं घर अकोल्यातच, म्हणून एकदा त्याच्याशी बोलणं झालं. तो म्हणाला, ताई, आता त्यांच्याशिवाय मला वर्ष संपल्यासारखं वाटत नाही.

आणि मग एका चैत्रात काकूंचा भाऊ आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. या भाचीला काकूंनी लहानपणी न्हाऊमाखू घातलं होतं, तिच्या जावळाला आपल्या मांडीवर बसवलं होतं. भावाने नावेकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला, पण या वेळी हसला नाही. म्हणाला, "ताई, चुकलं मायं. हट्ट सोड. पोरीले हळद तुयाच हातची लागली पायजेन."

काकू उठल्या. आत गेल्या, पाणी आणलं, चहा केला. भाऊ गेल्यावर त्या अंगणात काकांसमोर उभ्या राहिल्या. मी जिन्यातच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "होईन का?" काकांनी मास्क खाली ओढला. "होईन," म्हणाले. त्यांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर जे दिवस गेले, काय सांगू! शाळेला उन्हाळी वेळापत्रक, मी दुपारी मोकळी. मीही घासायला बसले. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती पेपर दिला, आणि मग माझ्यामागे गाल घेऊन फिरायला लागले. इथे उंच राहिलं, तिथे खोल गेलं. माझी नखं गेली, केसात पांढरी पूड, वर्गात पोरं विचारायची बाई तुम्ही घराला रंग देता का. पण मजा अशी की मलाही ते वेड लागलं. एके दिवशी मीही शाळेच्या फळ्याला गाल लावून पाहिला. कोणी बघितलं नाही, नशीब.

कोटाचा दिवस ठरला. दोन दिवस आधी फोडणी बंद. आदल्या संध्याकाळी काकांनी नाव ॲसिटोनने पुसली, लुगड्याने झाकली आणि आंघोळीला गेले. मी खाली पाणी भरायला उतरले तर काकू लुगड्याचा कोपरा उचलून नावेजवळ बसलेल्या. हातात वाटी. जास्वंदीचं पान वाटीत बुडवून त्या नावेच्या खांद्यावरून फिरवत होत्या, हळूहळू, आणि पुटपुटत होत्या, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

हे आमच्याकडे कोणालाही सांगायला नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे असेच शेकतात. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्यांना हळद आणि तेल-तूप लावायचं, आणि उद्याच्या पुरणपोळीचं आवतण द्यायचं. पळसाचं पान लागतं. शहरात ते कुठलं, म्हणून जास्वंदीचं. मग काकूंनी पदराने खांदा पुसला, डाग दिसू नये म्हणून चांगला चोळून पुसला, आणि दुसऱ्या खांद्याकडे वळल्या. तेव्हा त्यांना मी दिसले.

"यायले नको सांगू, माय," त्या म्हणाल्या. "याच्याच खांद्यावर माहेरी जाचं हाय मले. बिनाशेकल्याचा बैल कोनी जुपते का?"

मी तिथेच पाण्याची बादली घेऊन उभी.  दोन दिवस घरात मोहरी तडतडली नाही, शेजारणीच्या पुऱ्या बंद, अकोल्याच्या दुकानदाराचा उद्धार, आणि इथे वाटीभर तीळतेल! दर वर्षी लावता का, मी विचारलं. दर वर्षी, त्या म्हणाल्या, कोटाच्या आदल्या दिवशी, न चुकता. मला हसू येत होतं आणि रडूही. मी त्यांच्याशेजारी बसले आणि शाळेत सांगते तसं सगळं सांगितलं. तेलावर थर का धरत नाही, पुसल्याने ते जात कसं नाही, उलट पसरतं कसं. काकूंनी वाटीकडे बघितलं. मग आपल्या पदराकडे.  ज्यासाठी एवढी वर्षं जीव टाकला, ते आपल्याच हाताने अडवून धरलं होतं, हे कळल्यावर माणसाने काय करायचं? काकांना मी सांगू का, विचारलं, तर मान हलवली. नको, म्हणाल्या.

पहाटे उठून खाली गेले तर काका मगात जेलकोट घोटत होते. हार्डनर घालून झाला होता, ब्रश तयार होता. एवढ्यात काकू आतून आल्या आणि नावेच्या आणि त्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"थांबा. खांद्याले तेल हाय. मीनं लावलं. दरसाली मीच लावलं."

काकांचा हात थांबला. मला वाटलं आता गल्ली गोळा होणार. दुकानदाराला जे शब्द मिळाले होते ते माझ्या कानात वाजायला लागले. पण काका मगाकडे बघत राहिले आणि आम्ही दोघी काकांकडे. मगातला जेलकोट गरम व्हायला लागला, वाफ निघाली, वास सुटला. एक थेंब वाया गेला तर दिवसभर कुरकुरणारा माणूस, पण तो सगळा मग त्यांच्या हातात गोटा होईपर्यंत ते हलले नाहीत.

"सांगतलं काऊन नाई?" शेवटी ते म्हणाले.

"तुमी हात तरी लावू देत होते का त्याले?" काकू म्हणाल्या.

काकांनी मग खाली ठेवला. त्यात उभा रुतलेला ब्रशही तसाच राहिला. नावेला एक फेरी घातली, खांद्याजवळ थांबले, गाल लावला. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "आज वरनाले फोडनी दे. लसनाची."

अमरावतीत त्या दिवशी कोणाच्या घरी एवढा सुंदर वास आला नसेल! शेजारीण तर दारात येऊन उभी राहिली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

जेलकोट संपला होता आणि लग्न तोंडावर आलं होतं. दुसऱ्याच दिवशी काका आणि मी एस्टीने अकोल्याला गेलो. काकांनी संत्र्यांची टोपली घेतली होती. मला कळलं की हे माफी मागायला निघाले आहेत. पण माफी मागणं काकांच्या जन्मात नव्हतं. दुकानात शिरले, टोपली काउंटरवर आपटली आणि ओरडले की तुझा माल चांगला आहे, कबूल कर. दुकानदार म्हणाला, काका, मी तर नेहमी हेच म्हणतो. मग इतके वर्षं जोरात काऊन नाई म्हनलं, काकांनी उलटा सवाल केला. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मग चहा आला. पांढऱ्याबरोबर काकांनी बिनरंगाचा जेलकोट मागितला आणि एक छोटी बाटली पिवळ्या रंगाची. पिवळा कशाला, मी विचारलं, तर बाटली खिशात घालून उठले. परतीला मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले. गाडी सुटली तरी पत्ता नाही. मी कंडक्टरच्या हातापाया पडत होते, तर हे धोतर सावरत धावत आले. हातात पळसाची पानं.

खांदे पुन्हा घासले. साबणाने धुतले, मग ॲसिटोन, मग पुन्हा ॲसिटोन. पहाटे पांढरा थर चढला, आणि सूर्य वर आला तेव्हा मी स्वतः गाल लावायला धावले, काकांनी मागे ओढलं म्हणून वाचले, नाही तर अर्धा गाल नावेला चिकटला असता. एक खड्डा नाही! नाव अशी पांढरी, अशी सपाट, की जास्वंदीचं फूल तिच्यात दिसत होतं. काकू पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होत्या.

दुसऱ्या पहाटे काकांनी थोड्याशा जेलकोटमध्ये पिवळा रंग कालवला, थेट हळदीसारखा, आणि पळसाचं पान काकूंच्या हातात दिलं.

"याच्यात तेल नाई," ते म्हणाले. "आता शेक. कोनापासून लपवा लागत नाई."

एवढ्या वर्षांत ज्या माणसाने त्या पांढऱ्या अंगावर माशीही बसू दिली नाही, तो बायकोला म्हणत होता, लाव बोटं! काकूंनी पान टेकवलं. पान नीट फिरेना, पिवळ्याचे फराटे ओबडधोबड उठले, एकीकडे बोटांचे ठसे उमटले. त्यांनी घाबरून काकांकडे बघितलं. काका दुसरीकडे बघत होते, मुद्दाम. मग काकू मोठ्याने म्हणाल्या, पहिल्यांदाच मोठ्याने, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." त्यावर काकांनी बिनरंगाचा थर चढवला आणि ती हळद कायमची आत बसली.

लग्नाच्या आदल्या दिवशी धरणावर कोण गर्दी! काकांच्या ओळखीच्या मासेमारीवाल्यांनी नाव ट्रॉलीतून उतरवली, दोघं वल्ही घेऊन बसले, आम्हाला नारिंगी जॅकेटं चढवली. काकूंनी अंजिरी पैठणीवर जॅकेट घातलं आणि पदर जॅकेटच्या वरून घेतला, माहेरी जायचंय म्हणून. नाव पाण्यावर बसली, जराशी डुलली, आणि तरंगली! मी शिट्टी मारली. शाळेत पोरांना ज्याबद्दल शिक्षा करते तीच. काकू सगळा वेळ पाण्यात हात बुडवून बसल्या होत्या आणि लाट आली की खुदकन हसत होत्या. काका मात्र ताठ. लाट नावेला थापड मारायची तेव्हा मार यांनाच बसल्यासारखं तोंड व्हायचं.

पलीकडे काठावर माणसंच माणसं. भाऊ सगळ्यांच्या पुढे, मिशीवर रुमाल धरून. भावजय पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभी. नाव काठाला आली आणि थेट दगडांवर चढली. खर्रर्र असा मोठा आवाज झाला.  आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो.

काका गुडघाभर पाण्यात उतरले. वाकून खांद्याखाली गाल लावला.

"गेलं का?" मी विचारलं.

"गेलं. चांगलं हातभर गेलं," ते म्हणाले, आणि हसले. अगदी मोकळं हसले. भावाच्या तोंडावरचा रुमाल बाजूला करून म्हणाले की मिशी राहू द्या, पोरीचं लग्न आहे, फोटो निघतात.

भावजयीने काकूंच्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चला आत म्हणाली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"आधी याले वाढा," त्या नावेकडे हात करून म्हणाल्या. "लय वर्षं नुसतं आवतन देऊन राहिली मी याले."

लोक हसतील असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही. सगळे बैलवाले लोक, आवतण दिलं की वाढावं लागतं हे त्यांना कळत होतं. घरून पुरणपोळीचं ताट आलं. काकूंनी ते घ्यायला हात पुढे केले, पण काकांनी मध्येच घेतलं. गळ्यातला मास्क काढून खिशात घातला, आणि त्या ओबडधोबड पिवळ्या बोटांच्या खाली, दगडावर ताट ठेवलं.

"जेव बाप्पा," ते नावेला म्हणाले. "तिचं आवतन कवाचंच हाय. उशीर माह्यापायी झाला."